जाईबाई चौधरी : डोक्यावरच्या ओझ्यापासून मुलींच्या शाळेपर्यंत



जाईबाई चौधरी यांचा जन्म १८९२ साली नागपूरजवळच्या उमरेड येथे एका महार कुटुंबात झाला. दुष्काळात गाव सुटले आणि कुटुंब नागपूरला आले. १९०१ मध्ये, वयाच्या नवव्या वर्षी, बापूजी चौधरी यांच्याशी त्यांचे लग्न झाले. थोडेफार लिहिणे-वाचणे आले होते, पण त्यावर पोट भरत नव्हते. म्हणून त्या नागपूर स्टेशनवर हमाली करू लागल्या. प्रवाशांचे सामान डोक्यावर घेऊन कामठीपर्यंत पायी जात.

ग्रेगरी नावाच्या मिशनरी बाईंनी त्यांना असे ओझे वाहताना पाहिले, विचारपूस केली आणि मिशनच्या शाळेत शिक्षिकेची नोकरी दिली. पगार महिना चार रुपये. पुढे वर्गात शिकवणारी बाई अस्पृश्य आहे हे सवर्ण पालकांना कळले. त्यांनी शाळेवर बहिष्कार घातला आणि जाईबाईंची नोकरी गेली.

 दुसऱ्याच्या शाळेत आपली जागा दुसऱ्याच्या मर्जीवर असते, हे त्यांना अनुभवाने शिकवले होते. १९२२ मध्ये त्यांनी नागपुरात संत चोखामेळा कन्या शाळा काढली. आपल्या समाजातल्या मुलींना घरातून वर्गापर्यंत आणणे हे त्यांचे आयुष्यभराचे काम झाले.

त्या शाळेपुरत्या थांबल्या नाहीत. १९३० मध्ये नागपुरात बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली दलित वर्गाची परिषद भरली. त्याच वेळी झालेल्या महिला परिषदेत जाईबाईंनी मुलींच्या शिक्षणाची बाजू मांडली. १९३७ मध्ये नागपुरातच अखिल भारतीय महिला परिषदेचे अधिवेशन झाले. तेथे जेवणाच्या वेळी जाईबाईंना आणि आपल्या इतर भगिनींना वेगळे बसवण्यात आले. देशभरच्या सुशिक्षित स्त्रिया जमल्या होत्या, पण पंगत जातीचीच राहिली. १ जानेवारी १९३८ रोजी आपल्या स्त्रियांनी सभा घेऊन या अपमानाचा जाहीर निषेध केला.

आम्ही ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीतल्या वस्त्यांमध्ये मुलींसोबत काम करतो, म्हणून हे चरित्र आम्हाला जवळचे वाटते. आज मार्गदर्शनाचे आणि सक्षमीकरणाचे उपक्रम पुष्कळ होतात. प्रशिक्षण होते, प्रमाणपत्र मिळते, फोटो निघतो. मग निधी संपतो आणि ताई येणे बंद होते. नेमके त्याच सुमारास दहावी झालेल्या मुलीच्या घरी धाकट्या भावंडांचा, लोकलच्या पासाचा आणि स्थळांचा विषय निघतो. तिला खरी गरज असते ती तेव्हा.

ग्रेगरीबाईंनी जाईबाईंना काम दिले, हे मोलाचे होते. पण विरोध उभा राहिल्यावर ती मदत अपुरी पडली. मुलीला हात देणे सोपे, लोक बोलू लागल्यावर तो हात न सोडणे अवघड. जाईबाईंनी हे ओळखले आणि मुलींना कोणी बाहेर काढू शकणार नाही अशी जागा स्वतः उभी केली.

आपल्याकडे वस्तीवस्तीत विहार आहे. रविवारी वंदना होते, जयंतीला वर्गणी निघते. त्याच विहारात संध्याकाळी दोन तास मुलींची अभ्यासिका चालू शकते. कॉलेज झालेली वस्तीतलीच ताई दहावीच्या मुलीला अकरावीचा फॉर्म भरून देऊ शकते, शिष्यवृत्तीची कागदपत्रे जमवून देऊ शकते, वेळ पडली तर तिच्या आईवडिलांशी बोलू शकते. त्यासाठी कोणत्याही प्रकल्पाच्या मंजुरीची वाट पाहावी लागत नाही. आणि आज हात मिळालेली मुलगी चार वर्षांनी दुसरीची ताई होते. जाईबाईंच्या आयुष्यात हेच घडले.

त्यांना विनम्र अभिवादन. ते आपण विहाराचे दार मुलींसाठी रोज उघडे ठेवून करूया.