पंडिता रमाबाई : केडगावच्या माळावरची सेवा

स्मरणिकेसाठी आवडत्या थोर व्यक्तीवर लिहा, असे संपादक मंडळाने कळवले तेव्हा माझ्यासमोर पहिले नाव पंडिता रमाबाईंचे आले. शाळेत असताना आपल्याला त्या एका परिच्छेदात भेटल्या होत्या : संस्कृतच्या विदुषी, विधवांसाठी शारदा सदन, पुढे ख्रिस्ती धर्म. परीक्षेत दोन गुणांची टीप लिहून आपण पुढच्या नावाकडे वळत होतो. गेल्या काही वर्षांत त्यांचे चरित्र सलग वाचले आणि त्या दोन गुणांत काय काय राहून गेले होते ते समजले. तेच आपल्या वर्गमित्र-मैत्रिणींसमोर आणि गुरुजनांसमोर मांडते आहे.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा, पश्चिम घाटातल्या गंगामूळच्या जंगलात. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे कर्मठ विद्वान, पण एका बाबतीत हट्टी. बायकोला त्यांनी संस्कृत शिकवले. त्यासाठी त्यांना धर्मपंडितांपुढे जाब द्यावा लागला, पण ते मागे हटले नाहीत. त्या आईनेच, लक्ष्मीबाईंनी, रमाबाईंना शिकवले. कुटुंब तीर्थयात्रेला निघाले ते कायमचेच. गावोगाव पुराण सांगायचे, मिळेल त्यावर गुजराण करायची. घर नाही, शाळा नाही, आणि तरी विशीच्या आत हजारो श्लोक मुखोद्गत.

मग दुष्काळ आला. जवळचे पैसे संपले, भांडीकुंडी विकली, रानातला पाला खाल्ला. मजुरी करण्याची सवय नव्हती आणि भीक मागण्याची लाज होती. आधी वडील गेले, काही महिन्यांत आई आणि थोरली बहीण गेली. आईची तिरडी उचलायला पुरेशी माणसे मिळेनात. अखेर दोघा ब्राह्मणांना दया आली. चौथा खांदा रमाबाईंचा, पण उंची कमी पडत होती, म्हणून त्यांनी आपल्या वाट्याचा भार डोक्यावर घेतला. पुढे दुष्काळग्रस्त मुलींना आणायला ही बाई कोणाच्या सांगण्यावरून गेली, असे कोणी विचारले तर उत्तर या प्रसंगात आहे.

उरलेली दोन भावंडे, रमाबाई आणि श्रीनिवास, हजारो मैल पायी हिंडली. पंजाबातल्या थंडीत अंगावर पांघरूण नव्हते, तेव्हा नदीकाठच्या वाळूत खड्डे करून, डोके तेवढे बाहेर ठेवून, अंगावर वाळू ओढून ती झोपत. या भटकंतीत कर्मकांडावरचा त्यांचा विश्वास हळूहळू उडाला. १८७८ मध्ये ती दोघे कलकत्त्याला पोचली. तिथल्या पंडितांनी या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेतली आणि तिला ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. हा मान फार दिवस अंगी लागला नाही. १८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या ब्राह्मणेतर बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने लग्न केले. मुलगी झाली, तिचे नाव मनोरमा. लग्नाला दोन वर्षे पुरी व्हायच्या आत, फेब्रुवारी १८८२ मध्ये, पटकीने पती गेले. तेवीस वर्षांची विधवा, कडेवर तान्ही मुलगी, आणि सासर-माहेर दोन्ही नाही.

पुण्याच्या सुधारकांनी त्यांना बोलावून घेतले. १८८२ सालीच त्यांनी आर्य महिला समाज काढला, ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक लिहिले आणि हंटर आयोगापुढे मराठीतून साक्ष दिली. मुलींना शिकवायला शिक्षिका हव्यात आणि स्त्रियांवर उपचार करायला स्त्री डॉक्टर हव्यात, ही त्यांची मागणी होती. स्वतः डॉक्टर व्हावे, म्हणून पुस्तकाच्या विक्रीतून आलेल्या पैशांवर त्या १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या. पण त्यांना कमी ऐकू येत असे, आणि ते वाढत चालले होते. वैद्यकाचे दार बंद झाले. चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात त्या शिकू लागल्या आणि संस्कृत शिकवूही लागल्या.

त्यांच्या धर्मांतराचा विषय इथे येतो, आणि आपण तो बहुतेक वेळा घाईने ओलांडतो. वाँटेज येथील ज्या ख्रिस्ती भगिनींकडे त्या राहत होत्या, त्यांनी रमाबाईंना लंडनच्या फुलम भागातले आपले काम पाहायला पाठवले. समाजाने वाईट ठरवून टाकलेल्या स्त्रियांना तिथे आसरा होता. कोणी त्यांचा तिरस्कार करत नव्हते. त्या परत माणसांत याव्यात म्हणून भगिनी झटत होत्या. रमाबाईंनी असे आपल्या देशात कुठे पाहिले नव्हते. हे लोक असे का वागतात, याचा शोध घेताना त्या येशू आणि शोमरोनी स्त्री यांच्या भेटीच्या कथेपर्यंत पोचल्या. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. श्रद्धेच्या आधी त्यांना सेवा दिसली, हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो.

बाप्तिस्मा घेतला म्हणून त्या कोणाच्या मुठीत गेल्या नाहीत. त्यांनी तरुण पुरुषांना शिकवू नये, अशी हरकत बिशपांनी घेतली तेव्हा त्या खंबीरपणे भांडल्या. क्रॉसवरची अक्षरे लॅटिनमध्ये का, संस्कृतमध्ये का नकोत, असे त्यांनी विचारले. शाकाहार सोडला नाही, साधी पांढरी साडी सोडली नाही. बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी त्यांना जाणवले, की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, पण ख्रिस्त मिळायचा राहिला आहे. हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. आपल्या श्रद्धेची इतकी निर्दय तपासणी करणारे लोक कोणत्याही धर्मात थोडेच असतात.

१८८६ मध्ये डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या फिलाडेल्फियाला गेल्या आणि अमेरिकेत तीन वर्षांच्या आसपास राहिल्या. व्याख्याने दिली, उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिले. बॉस्टनला स्थापन झालेल्या रमाबाई असोसिएशनने दहा वर्षे मदत देण्याचे मान्य केले. संस्थेत धर्माचा प्रचार होणार नाही, ही अट होती. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन सुरू झाले आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला आले. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार मंडळात होते. सदनात मुलींना आपापल्या जातीचे आचार पाळण्याची मोकळीक होती. पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. त्यांचा पुढे १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी विवाह झाला, म्हणजे आपल्या बाया कर्वे. स्त्रीशिक्षणाच्या हिंगण्याच्या कामाची एक मुळी शारदा सदनात आहे, हे किती जणांना ठाऊक असते?

१८९३ मध्ये वादळ उठले. रमाबाई सकाळी आपल्या खोलीत प्रार्थना करत, दार उघडे असे, आणि काही मुली येऊन बसू लागल्या. ‘केसरी’ने टीकेची झोड उठवली, सल्लागारांनी राजीनामे दिले, पालकांनी अनेक मुलींना काढून नेले. या प्रकरणात कोण बरोबर, यावर आपल्या वर्गातही दोन मते पडतील, आणि पडावीत. निधर्मी संस्था म्हणून ज्यांनी मुली पाठवल्या, त्या पालकांचा राग खोटा नव्हता. आणि स्वतःच्या घरात देवाची प्रार्थना करताना मी दार का लावून घ्यावे, हा रमाबाईंचा प्रश्नही खोटा नव्हता. मला स्वतःला वाटते, की मुलींनी ठरवायचे होते आणि त्यांना कोणीच विचारले नाही. रमाबाईंच्या बाजूने एवढे नक्की, की जे काही होते ते उघड्या दाराने होते. पुढे केडगावला त्यांनी संस्था उघडपणे ख्रिस्ती म्हणूनच चालवली.

अमेरिकेची मदत १८९८ मध्ये संपणार, हे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होते. म्हणून त्यांनी पुण्याच्या पूर्वेला ५५-६० किलोमीटरवर, केडगावला, सुमारे १०० एकर माळ घेतला आणि फळझाडे लावली. झाडे मोठी होतील, उत्पन्न येईल आणि शारदा सदन कोणापुढे हात पसरणार नाही, असा हिशेब. पायाखालची वाळू सरकत असताना बाग लावणारी ही बाई.

बाग फळायच्या आत १८९६ चा मध्य प्रांतातला दुष्काळ आला. स्वतःच्या आई-वडिलांचा दुष्काळ त्या विसरल्या नव्हत्या. त्या तिकडे गेल्या. हाडांचे सापळे झालेल्या मुली पाहिल्या, त्यांना फूस लावून नेणारे दलाल पाहिले. सुमारे ३०० मुलींना त्यांनी आणले. पुण्यात प्लेगचे निर्बंध होते, इतक्या मुली शहरात ठेवता येईनात. मग केडगावच्या माळावर तंबू आणि झोपड्या उभ्या राहिल्या. तेच मुक्ती सदन. १९०० मध्ये गुजरातच्या दुष्काळातून आणखी शेकडो मुली आल्या आणि संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

आमच्या क्षेत्रात एखादी यंत्रणा चांगली की वाईट, हे भार एकदम वाढला म्हणजे कळते. काही डझन मुलींची संस्था चार-पाच वर्षांत दोन हजारांवर जाते आणि कोलमडत नाही, याचे मला व्यावसायिक कुतूहल वाटले. त्यामागे काय होते, तर कामाची वाटणी. शारदा सदनात शिकलेल्या मोठ्या मुलींवर नव्या मुलींची जबाबदारी. शेती, विहिरी, दूधदुभते, विणकाम, शिवण, तेलघाणा, छापखाना, आणि प्रत्येक ठिकाणी काम करणाऱ्या मुलीच. अंध मुलींसाठी ब्रेल. फसवल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन. आलेल्या मुलींच्या अंगावर खरूज, उवा, जखमा असत. त्यांना आंघोळ घालणे, भरवणे, रात्री घाबरून उठल्या तर जवळ घेणे, हे कसलेही पुस्तकी काम नव्हते. कलकत्त्याच्या पंडितांनी जिला सरस्वती म्हटले, तिने ते केले आणि करायला शिकवले.

त्या सरकारधार्जिण्या होत्या, असाही एक आक्षेप असतो. १८९७ मध्ये पुण्याच्या प्लेगच्या इस्पितळात स्त्रियांची होणारी आबाळ त्यांनी वृत्तपत्रात पत्र लिहून उघड केली आणि तो विषय थेट ब्रिटिश पार्लमेंटमध्ये निघाला. याच सरकारने १९१९ मध्ये त्यांना कैसर-इ-हिंद पदक दिले.

आयुष्याची शेवटची पंधरा-सोळा वर्षे त्यांनी आणखी एका कामाला दिली. तेव्हाच्या मराठी बायबलची भाषा त्यांना जड वाटे. केडगावच्या मुलींना, खेड्यातल्या बायकांना ते वाचून समजले पाहिजे, म्हणून त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून मूळ भाषांतून सबंध बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर केले. हे सगळे एवढ्या मोठ्या संस्थेचा कारभार सांभाळून. खिळे जुळवायला, छापायला, बांधणीला मुक्ती सदनातल्याच स्त्रिया. दुष्काळातून आलेल्या, अक्षरओळख नसलेल्या मुली शिकून ते ग्रंथ छापत होत्या. स्वतःला संस्कृत येत असताना भाषा मुद्दाम सोपी करणे, यात मला त्यांची नम्रता सर्वांत जास्त दिसते.

मनोरमाबाई शिकून आईचा उजवा हात झाल्या होत्या. संस्था पुढे त्याच पाहतील, असे सगळे धरून चालले होते. जुलै १९२१ मध्ये चाळिशीत त्यांचे निधन झाले. रमाबाईंनी आई, वडील, बहीण, भाऊ, पती, आणि आता लेक, असे सगळे पोचवले. तरी त्या बायबलची प्रुफे तपासत राहिल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या. ग्रंथ १९२४ मध्ये पूर्ण प्रसिद्ध झाला. १९८९ मध्ये भारत सरकारने त्यांच्यावर टपाल तिकीट काढले. मुक्ती मिशन केडगावला आजही चालू आहे.

मित्रमैत्रिणींनो, केडगावचे काम सुरू झाले तेव्हा रमाबाई अडतीस-एकोणचाळीस वर्षांच्या होत्या, म्हणजे आपल्यापेक्षा थोड्या लहानच. आपल्यापैकी कित्येकांनी गेल्या काही वर्षांत आई किंवा वडील गमावले आहेत, काहींच्या नोकऱ्या गेल्या, काहींची घरे विस्कटली. भेटलो की आपण म्हणतो, आता काय राहिले, मुलांचे झाले की संपले. रमाबाईंच्या आयुष्यातले जे काम आज उभे आहे, ते बहुतेक सगळे या वयानंतरचे आहे, आणि ते त्यांनी सगळे सुरळीत झाल्यावर हाती घेतलेले नाही. त्यांची आशा देवावर होती. आपली प्रत्येकाची कुठे असेल ते आपण जाणो. पुणे-दौंड मार्गावर केडगाव स्टेशन लागते. तिकडून जाणे झालेच, तर एकदा उतरून ती जागा पाहावी, एवढे मात्र सुचवते.