विश्लेषण : दुसरा भाग पडला, तरी ‘अपू’ परत का आला? सत्यजित रे यांच्या सीक्वेलची गोष्ट

चित्रपट चालला की लगेच दुसऱ्या भागाची घोषणा, हे आता नेहमीचे झाले आहे. मराठीतही ‘मुंबई-पुणे-मुंबई’चे तीन भाग येऊन गेले. पण एखाद्या नावाजलेल्या दिग्दर्शकाने सीक्वेल करायचे म्हटले की प्रेक्षकांचे दोन तट पडतात. आवडती पात्रे पुन्हा भेटतील म्हणून काही जण खूश होतात, तर चांगल्या चित्रपटाला उगाच शेपूट जोडले जाईल अशी भीती काहींना वाटते. या वादात सत्यजित रे यांचे नाव फारसे निघत नाही. प्रत्यक्षात त्यांनी तीन वेगवेगळ्या पात्रांना पडद्यावर पुन्हा आणले आणि त्यातल्या एका मालिकेत स्वतःच थांबण्याचा निर्णय घेतला. हे निर्णय त्यांनी कधी आणि का घेतले?

रे यांची सुरुवात कुठून झाली?

सत्यजित रे यांचा जन्म २ मे १९२१ रोजी कोलकात्यात झाला. आजोबा उपेंद्रकिशोर रायचौधरी हे लेखक, चित्रकार आणि छपाई तंत्रातले जाणकार. मुलांसाठीचे ‘संदेश’ हे मासिक त्यांनी १९१३ मध्ये सुरू केले. वडील सुकुमार हे बंगाली बालसाहित्यातले मोठे नाव. सत्यजित जेमतेम अडीच वर्षांचे असताना वडील गेले. पुढे घरचा छापखानाही बुडाला आणि आई सुप्रभा यांनी मुलाला भावाच्या घरी राहून वाढवले.

प्रेसिडेन्सी कॉलेज आणि त्यानंतर शांतिनिकेतनमध्ये चित्रकलेचे शिक्षण घेऊन रे १९४३ मध्ये डी. जे. कीमर या ब्रिटिश जाहिरात कंपनीत लागले. सोबत सिग्नेट प्रेस या प्रकाशनासाठी ते पुस्तकांची मुखपृष्ठे करत. विभूतिभूषण बंद्योपाध्याय यांच्या ‘पथेर पांचाली’ या कादंबरीची मुलांसाठीची संक्षिप्त आवृत्ती याच कामातून त्यांच्या हाती आली. तिची चित्रे काढता काढता चित्रपटाची कल्पना डोक्यात पक्की होत गेली. १९५० मध्ये कंपनीच्या कामासाठी ते लंडनला गेले. तिथल्या काही महिन्यांत त्यांनी शंभरच्या आसपास चित्रपट पाहिले. त्यात ‘बायसिकल थीव्ह्ज’ होता. नवखे कलाकार घेऊन, स्टुडिओबाहेर, कमी पैशांत चित्रपट होऊ शकतो, याची त्यांना खात्री पटली.

पहिला चित्रपट तीन वर्षे का रखडला?

ऑक्टोबर १९५२ मध्ये काशफुलांच्या शेतात पहिले चित्रीकरण झाले. पुढच्या रविवारी युनिट तिथे पोहोचले, तोवर गुरांनी फुले खाऊन टाकली होती. उरलेल्या दृश्यासाठी पुढच्या हंगामाची वाट पाहावी लागली. विमा पॉलिसी आणि पत्नी विजया यांचे दागिने गहाण पडले, तरी पैसे पुरेनात. कॅमेरामन सुब्रत मित्र यांनी त्याआधी एकही चित्रपट चित्रित केला नव्हता.

शेवटी मुख्यमंत्री विधानचंद्र रॉय यांच्या काळात पश्चिम बंगाल सरकारने पैसे दिले. नावात ‘पथ’ असल्यामुळे हा खर्च रस्त्यांच्या खात्यात दाखवला गेल्याची गोष्ट आजही सांगितली जाते. चित्रपटाचे हक्क सरकारकडे गेले. ऑगस्ट १९५५ मध्ये ‘पथेर पांचाली’ कोलकात्यात प्रदर्शित झाला आणि काही दिवसांतच गर्दी वाढू लागली. पुढच्या वर्षी कान महोत्सवात त्याचा गौरव झाला. रे यांनी जाहिरातीतली नोकरी सोडली आणि ते पूर्णवेळ चित्रपटाकडे वळले.

मग लगेच दुसरा भाग का?

तीन चित्रपटांची योजना रे यांच्याकडे आधीपासून नव्हती. पण पहिल्या चित्रपटात कादंबरी संपली नव्हती. गाव सोडून निघालेल्या बैलगाडीवर चित्रपट थांबला होता. त्यापुढचे काशीचे दिवस कादंबरीत शिल्लक होते. शिवाय विभूतिभूषण यांनी स्वतःच ‘अपराजितो’ ही पुढची कादंबरी लिहून ठेवली होती. त्यामुळे रे यांना गोष्ट ओढूनताणून वाढवावी लागली नाही. पहिल्या पुस्तकाचा शेवट आणि दुसऱ्याची सुरुवात जोडून त्यांनी ‘अपराजितो’ची पटकथा केली.

पहिल्या चित्रपटातली अपू-दुर्गाची जोडी मात्र पुन्हा आणणे शक्य नव्हते, कारण दुर्गा मरण पावलेली होती. नव्या चित्रपटाचा विषय होता आई आणि मुलगा. शिकायला कोलकात्याला गेलेला अपू हळूहळू आईपासून लांब जातो आणि गावात एकटी पडलेली सर्वजया त्याची वाट पाहत राहते. तंत्रातही नवे काही करून पाहिले गेले. काशीच्या घराचे अंगण स्टुडिओत उभारले होते. तिथे आभाळातून उतरणारा मंद प्रकाश हवा होता. त्यासाठी सुब्रत मित्र यांनी वर पांढरे कापड ताणले आणि त्यावर दिव्यांचा झोत टाकून परत येणारा प्रकाश वापरला. हीच पद्धत पुढे बाउन्स लायटिंग म्हणून ओळखली गेली.

तो चालला का नाही?

‘अपराजितो’ ऑक्टोबर १९५६ मध्ये आला आणि कोलकात्यात पडला. पहिल्या भागातली गरिबी प्रेक्षकांनी स्वीकारली होती, पण आईला टाळणारा मुलगा त्यांना पचला नाही. कादंबरीत तर आईच्या मृत्यूनंतर अपूला क्षणभर सुटल्यासारखे वाटते. पडद्यावरचा अपू त्या मानाने बराच सौम्य होता, तरीही तो प्रेक्षकांपासून दूरच राहिला. पुढच्याच वर्षी, १९५७ मध्ये, याच चित्रपटाला व्हेनिस महोत्सवाचा सर्वोच्च ‘गोल्डन लायन’ पुरस्कार मिळाला. मात्र त्यामुळे घरच्या तिकीटबारीचे नुकसान भरून निघाले नाही.

आजचा हिशेब लावला, तर ही मालिका इथेच बंद झाली असती.

तिसऱ्या भागाआधी दोन वेगळे चित्रपट कशासाठी?

रे यांनी अपूला बाजूला ठेवले. पुढच्या चित्रपटासाठी त्यांनी ‘जलसाघर’ निवडला. त्यात गाणे आणि नृत्य असल्याने प्रेक्षक येतील, असा विचार त्यामागे होता. त्याच काळात ‘पारस पाथर’ हा विनोदी चित्रपटही झाला. दोन्ही १९५८ मध्ये प्रदर्शित झाले.

दरम्यान, व्हेनिसमध्ये अपूची त्रयी होणार का, असे त्यांना विचारण्यात आले आणि त्यांनी होकार देऊन टाकला. कादंबरीत आणखी एका चित्रपटाइतका ऐवज आहे का, हे त्यांनी त्यानंतर तपासले. तो होता. तरुण अपूचे लग्न, पत्नी अपर्णाचा मृत्यू आणि न पाहिलेल्या मुलाकडे त्याचे परतणे, हा सगळा भाग अजून पडद्यावर यायचा होता.

या अपूसाठी नटही डोक्यात होता. ‘अपराजितो’च्या वेळी सौमित्र चटर्जी भेटायला आले होते. किशोरवयीन अपूसाठी ते मोठे दिसत असल्याने ती भूमिका त्यांना मिळाली नाही, पण रे त्यांना विसरले नाहीत. १९५९ मध्ये ‘अपूर संसार’ आला, तो सौमित्र आणि किशोरवयीन शर्मिला टागोर या दोघांचाही पहिला चित्रपट. त्याला त्या वर्षीच्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रपती सुवर्णपदक मिळाले. सौमित्र यांनी पुढे रे यांच्या एकूण १४ चित्रपटांत काम केले.

तिन्ही चित्रपटांत मिळून चार जणांनी अपू साकारला. तरी प्रेक्षक गोंधळत नाही. रविशंकर यांचे संगीत आणि पुन्हा पुन्हा येणारी आगगाडी त्यांना बांधून ठेवते. पहिल्या भागात ती कुतूहलाची गोष्ट असते, दुसऱ्यात ती अपूला आईपासून दूर नेते आणि तिसऱ्यात त्याच्या खोलीशेजारूनच धडधडत जाते.

हिट चित्रपटाचा पुढचा भाग ११ वर्षांनी?

मुलगा संदीपला पाहता येईल असा चित्रपट करावा, म्हणून रे आजोबांच्या एका कथेकडे वळले. त्यातून १९६९ मध्ये ‘गुपी गाइन बाघा बाइन’ आला. भुतांच्या राजाकडून तीन वर मिळालेले गायक-वादक बंगालमध्ये तुफान लोकप्रिय झाले आणि चित्रपट जवळपास वर्षभर चालला. पैसा हाच हेतू असता, तर १९७० किंवा १९७१ मध्ये दुसरा भाग सहज काढता आला असता.

तो आला १९८० मध्ये, ‘हीरक राजार देशे’ या नावाने. या वेळी आजोबांची कथा नव्हती. रे यांनी स्वतः गोष्ट रचली आणि बहुतेक संवाद यमकात लिहिले. हिऱ्यांच्या खाणीवर जगणारा एक जुलमी राजा शाळा बंद करतो, पुस्तके जाळतो आणि विरोध करणाऱ्यांची डोकी यंत्रात घालून बदलतो. मध्यंतरी देशाने १९७५ ते १९७७ ही आणीबाणी पाहिली होती आणि चित्रपटाचा संबंध तेव्हापासून तिच्याशी जोडला जातो. लहान मुलांची लाडकी जोडी हाताशी होती, म्हणून एवढी कडू गोष्ट त्यांना हसतखेळत सांगता आली.

१९८३ मध्ये हृदयविकाराचा झटका आल्यानंतर रे यांच्या कामावर मर्यादा आल्या. गुपी-बाघाचा तिसरा भाग त्यांनी लिहिला, पण दिग्दर्शन संदीप यांनी केले. पहिल्या दोन भागांइतकी चर्चा त्याच्या वाट्याला आली नाही.

फेलूदा कुठे थांबला?

फेलूदा हा गुप्तहेर रे यांनी १९६५ मध्ये ‘संदेश’साठी निर्माण केला. त्याच्यावर ‘सोनार केल्ला’ (१९७४) आणि ‘जय बाबा फेलूनाथ’ (१९७९) हे दोन चित्रपट त्यांनी दिग्दर्शित केले. त्यात रहस्यकथाकार जटायू ऊर्फ लालमोहनबाबू हे पात्र संतोष दत्त यांनी इतके आपलेसे केले, की पुढे पुस्तकांतल्या चित्रांतही जटायू त्यांच्यासारखा दिसू लागला.

१९८० च्या दशकात संदीप यांनी दूरदर्शनसाठी ‘किस्सा काठमांडू का’ ही हिंदी फेलूदा-कथा केली. तिच्यात शशी कपूर फेलूदा आणि पुण्याचे डॉ. मोहन आगाशे जटायू झाले. आगाशे त्याआधी रे यांच्याच ‘सद्गती’त स्मिता पाटील आणि ओम पुरी यांच्यासोबत दिसले होते. १९८८ मध्ये संतोष दत्त गेले आणि त्यांच्याशिवाय फेलूदाचा चित्रपट करायचा नाही, असे रे यांनी ठरवले. कथा मात्र ते लिहीत राहिले. म्हणजे गोष्टी भरपूर होत्या आणि मागणीही होती. जटायू नव्हता.

मग सीक्वेल करावा की नाही?

रे यांना १९९२ मध्ये भारतरत्न मिळाले. मानद ऑस्कर त्यांनी रुग्णालयात स्वीकारले आणि २३ एप्रिलला त्यांचे निधन झाले. त्यानंतरही त्यांच्या चित्रपटांचे पुढचे भाग निघाले. गौतम घोष यांनी २००३ मध्ये ‘अरण्येर दिन रात्री’ची पात्रे ‘आबार अरण्ये’त परत आणली. २०२१ मध्ये आलेल्या ‘अभियात्रिक’ने अपूच्या कादंबरीचा उरलेला भाग घेतला आणि बंगालीतील सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळवला.

रे यांच्या निर्णयांकडे एकत्र पाहिले, तर त्यात तिकीटबारीचे सूत्र सापडत नाही. पडलेल्या ‘अपराजितो’नंतर ते अपूकडे परतले, कारण त्याची गोष्ट अर्धी होती. चाललेल्या गुपी-बाघाला त्यांनी ११ वर्षे थांबवले, कारण तोवर त्या दोघांकडून सांगण्यासारखे नवे काही नव्हते. फेलूदाचे चित्रपट त्यांनी थांबवले, कारण त्यातला एक माणूस बदलता येणार नव्हता. त्यामुळे एखाद्या दिग्दर्शकाने पुढचा भाग जाहीर केला, की पहिल्याने किती कमावले हे पाहण्याआधी त्या पात्राचे काय सांगायचे राहिले आहे, हे पाहणे अधिक उपयोगाचे. उत्तर सापडत नसेल, तर दुसऱ्या भागाची भीती रास्त आहे.