आक्सेल क्रॉन्स्टेट व उकळणारा दगड

परांडें तालुक्यांतील सोनारी येथें श्रीभैरवनाथाच्या दर्शनास जाणारा यात्रेकरू ज्या काळ्या पाषाणाच्या भूमीवरून चालतो, तोच पाषाण महाराष्ट्राच्या बहुतेक पठाराखालीं पसरलेला आहे. प्राचीन काळीं तो तप्त रसाच्या रूपानें वाहिला. त्यांतील वायूच्या बुडबुड्यांनीं पोकळ्या झाल्या, आणि कित्येक पोकळ्यांत पुढें पांढरे व गुलाबी स्फटिक जमले. पुणें, नाशिक, जळगांव या जिल्ह्यांतील खाणींत ते विपुल सांपडतात. त्यांतील अनेकांना झिओलाइट म्हणतात. हें नांव देणाऱ्या पुरुषाचें चरित्र विद्यार्थ्यांनीं जाणून घेण्यासारखें आहे.

आक्सेल फ्रेड्रिक क्रॉन्स्टेट हा सन १७२२ च्या डिसेंबरांत स्वीडन देशीं एका लष्करी अधिकाऱ्याच्या घरीं जन्मला. उप्साला येथें वॅलेरियस या पंडिताचीं व्याख्यानें ऐकून त्यास खनिजांची गोडी लागली. पुढें कोबाल्ट धातूचा शोधक ब्रांट याच्याजवळ रसायनाचे पाठ घेऊन तो सरकारी खाणखात्यांत काम करूं लागला. सन १७५१ मध्यें त्यानें एका कोबाल्टच्या खाणींतील खनिजांतून नवीन धातु काढला व त्यास निकेल असें नांव दिलें. कित्येक विद्वानांनीं तें मानलें नाहीं. हें जुन्याच धातूंचें मिश्रण आहे, असा त्यांचा आक्षेप होता.

सन १७५६ मध्यें लॅपलंडांतील तांब्याच्या खाणींतला एक दगड त्यानें फुंकणीच्या ज्योतीवर धरला. तो दगड फुगून जणूं उकळूं लागला! त्याच्या अंगांत पाणी दडलेलें होतें. म्हणून उकळणें व दगड या अर्थांचे ग्रीक शब्द जोडून त्यानें झिओलाइट हें नांव बनविलें. दोन वर्षांनीं त्याचा खनिजशास्त्रावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. केवळ बाह्य रूपावरून नव्हे, तर घटकद्रव्यांवरून खनिजांचे वर्ग पाडण्याची रीत त्यानें त्यांत दाखविली. परंतु ग्रंथावर आपलें नांवही घातलें नाहीं. सन १७६५ मध्यें, अवघ्या बेचाळिसाव्या वर्षीं, तो निवर्तला. निकेल खरोखर स्वतंत्र धातु आहे, हें बर्गमन यानें सिद्ध केलें तें सन १७७५ मध्यें!

त्या दगडाचा उपयोगही पुढेंच कळला. झिओलाइटाच्या अंगांत मधाच्या पोळ्यासारखीं अतिसूक्ष्म विवरें असतात. पाणी त्यांतून जात असतां तो आपल्याजवळचें सोडियम देतो व पाण्यांतील चुना किंवा अमोनिया धरून ठेवतो. क्लिनोप्टिलोलाइट नामक जातीचे दाणे गाळणींत वाळूप्रमाणें भरले असतां गढूळपणाही अडतो. आणि दाण्यांची शक्ति सरली कीं मिठाच्या पाण्यानें ती पुन्हा येते. सन २०११ मध्यें जपानांतील फुकुशिमा येथें दूषित पाण्यांतील सीझियम काढण्यास झिओलाइटच कामीं आला. मात्र प्रत्येक जात सारखी उपयोगी नसते. आणि रोगजंतु तर यानें मरत नाहींत. यास्तव गाळलेलें पाणीही उकळून किंवा क्लोरीन घालूनच प्यावें.

क्रॉन्स्टेटास यांतलें कांहींच ठाऊक नव्हतें. त्यानें एक क्षुल्लक दगड लक्षपूर्वक पाहिला व जें दिसलें तें प्रामाणिकपणें लिहून ठेविलें. विद्यार्थिमित्रहो, तुमच्या शेताच्या बांधावरील दगडही असाच कोणीतरी पाहण्याची वाट पाहत असेल.