ताराबाई मोडक आणि आमची ओसरी

सुट्टी लागली की आम्हां दौंड-शिरूरच्या आयांना एकच घोर : या उन्हात मुलांना घरात गुंतवायचे कशात? गेल्या सुट्टीत धाकट्याने ओसरीवर चिंचोके, खडे आणि ज्वारीची धांडे मांडली होती. मी रागाने सारे केरात लोटले. मूल रडत झोपले. त्या रात्री मला ताराबाई मोडक आठवल्या.

ताराबाईंचा जन्म १८९२ सालचा, मुंबईचा. १९१४ साली त्या बी. ए. झाल्या. संसार टिकला नाही, तरी त्या खचल्या नाहीत. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर त्या बालशिक्षणात रमल्या. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. पण माँटेसोरीबाईंची साधने पडली महाग. गरिबाच्या लेकराने काय करावे? १९४५ साली ताराबाई बोर्डीला गेल्या, पुढे १९५७ साली कोसबाडच्या टेकडीवर. तेथे शिंपले, बिया, खडे, पाने हीच त्यांनी साधने केली. मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात नेली. आजची अंगणवाडी त्यातूनच उगवली. या कामी त्यांना साथ देणाऱ्या अनुताई वाघ आपल्याच जिल्ह्यातल्या, मोरगावच्या. १९६२ साली ताराबाईंना पद्मभूषण मिळाले. १९७३ साली त्या गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ओंजळभर चिंचोके ओसरीवर ठेवले. मुलाने आधी भीतभीत माझ्याकडे पाहिले, मग हळूच रांग मांडली. भगिनींनो, त्या दिवशी दिवेलागणीपर्यंत मी केरसुणीला हात लावला नाही.