लॉर्ड रिपन

जॉर्ज फ्रेडरिक सॅम्युअल रॉबिन्सन, रिपनचे पहिले मार्क्वेस (२४ ऑक्टोबर १८२७ – ९ जुलै १९०९) हे ब्रिटिश उदारमतवादी राजकारणी होते. १८८० ते १८८४ या काळात ते भारताचे व्हाइसरॉय व गव्हर्नर जनरल होते. भारतात ते लॉर्ड रिपन या नावाने ओळखले जातात. स्थानिक स्वराज्याचा ठराव, हंटर आयोग आणि इल्बर्ट विधेयक यांमुळे मराठी वाचकास त्यांचे नाव शालेय वयापासून परिचित असते. १८७४ साली, सार्वजनिक कीर्तीच्या ऐन भरात, त्यांनी अँग्लिकन पंथाचा त्याग करून रोमन कॅथलिक पंथ स्वीकारला होता, ही गोष्ट मात्र पाठ्यपुस्तकांत क्वचितच आढळते. त्यांचे चरित्र समजून घेण्यासाठी ती टाळता येत नाही.

जन्म व पूर्वायुष्य

रिपन यांचा जन्म लंडनमधील १०, डाउनिंग स्ट्रीट या पंतप्रधानांच्या निवासस्थानी झाला. त्यांचे वडील व्हायकाउंट गोडरिच हे त्या वेळी इंग्लंडचे पंतप्रधान होते. ते पद त्यांच्याकडे अवघे काही महिने टिकले. मातोश्री लेडी सारा या मद्रासचे माजी गव्हर्नर लॉर्ड होबार्ट यांच्या कन्या. त्यामुळे हिंदुस्थान हा विषय घरात अगदीच अपरिचित नव्हता. रिपन यांचे शिक्षण घरीच झाले. ते कोणत्याही शाळेत वा विद्यापीठात गेले नाहीत. पुढे इंग्लंडच्या शिक्षणखात्याची धुरा वाहणाऱ्या माणसाच्या बाबतीत हे विशेषच म्हटले पाहिजे.

तरुणपणी ते फ्रेडरिक मॉरिस, चार्ल्स किंग्जली व टॉमस ह्यूज यांच्या ख्रिस्ती समाजवादी मंडळात ओढले गेले. धर्म केवळ रविवारच्या उपासनेपुरता नसून कामगाराच्या मजुरीशी व घराशी त्याचा संबंध आहे, असे हे मंडळ मानीत असे. उमराव घराण्यातील हा तरुण यंत्रकामगारांच्या संपाला साहाय्य करतो, हे त्याच्या वर्तुळातील अनेकांना रुचले नाही. १८५१ मध्ये हेन्रिएटा व्हायनर यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

१८५९ मध्ये वडिलांच्या व त्यानंतर काकांच्या निधनामुळे दोन्ही घराण्यांच्या पदव्या आणि यॉर्कशायरमधील स्टडली रॉयल ही विस्तीर्ण जहागीर त्यांच्याकडे आली. या जहागिरीतच फाउंटन्स ॲबी या मठाचे भव्य अवशेष आहेत. आठव्या हेन्रीने पोपशी संबंध तोडून इंग्लंडचे स्वतंत्र चर्च स्थापिले आणि देशातील मठ बंद केले. फाउंटन्सचे सिस्टर्सियन साधू १५३९ मध्ये तेथून बाहेर पडले. आपल्याच उद्यानातील त्या छप्पर नसलेल्या कमानींखालून रिपन वर्षानुवर्षे फिरत असत.

राजकीय वाटचाल

१८५२ पासून ते संसदेत होते. युद्धखात्यात उपमंत्री व नंतर मंत्री, १८६६ मध्ये काही महिने भारतमंत्री आणि १८६८ पासून ग्लॅडस्टन यांच्या मंत्रिमंडळात प्रिव्ही कौन्सिलचे अध्यक्ष अशी पदे त्यांनी भूषविली. रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीचेही ते काही काळ अध्यक्ष होते. म्हणूनच नाईल नदीच्या उगमाशी असलेल्या धबधब्यास स्पीक या संशोधकाने त्यांचे नाव दिले. इंग्लंडमध्ये सर्वत्र प्राथमिक शाळांची सोय करणारा १८७० चा कायदा त्यांच्याच खात्याच्या अखत्यारीत झाला. १८७१ मध्ये अमेरिकेशी चिघळलेला अलाबामा जहाजाचा तंटा लवादाकडे सोपविणारा वॉशिंग्टनचा तह घडवून आणल्याबद्दल त्यांना मार्क्वेस ही पदवी मिळाली. त्याच सुमारास, १८७० मध्ये, ते इंग्लंडमधील फ्रीमेसन संघटनेचे ग्रँड मास्टरही झाले.

पंथांतराचा निर्णय

एप्रिल १८७० मध्ये रिपन यांचे तरुण मेहुणे फ्रेडरिक व्हायनर यांना ग्रीसमध्ये दरोडेखोरांनी ओलीस धरले आणि ठार मारले. कुटुंबावर हा मोठाच आघात होता. व्हायनर यांच्या स्मरणार्थ दोन चर्चे उभारण्याचे ठरले. त्यांपैकी सेंट मेरीज हे स्टडली रॉयल येथील चर्च रिपन दांपत्याने विल्यम बर्जेस या वास्तुविशारदाकडून बांधून घेतले. त्याचे काम १८७१ मध्ये सुरू झाले व १८७८ मध्ये पूर्ण झाले. अँग्लिकन उपासनेसाठी बांधलेल्या या वास्तूचा पाया रिपन अँग्लिकन असताना घातला गेला आणि कळस चढला तेव्हा ते कॅथलिक झालेले होते.

ऑगस्ट १८७३ मध्ये त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. कारण खासगी असल्याचे सांगण्यात आले. पुढचे वर्ष त्यांनी मुख्यतः वाचन व चिंतन यांत घालविले. आधी बरीच वर्षे खाती, संसद, जहागीर, सभा-समारंभ यांतून अशा प्रश्नाला लागणारी सलग उसंत मिळणे कठीणच होते. ती त्यांनी पद सोडून मिळविली. एखाद्या मंत्र्याने धर्मचिंतनासाठी पद सोडणे दुर्मीळच. शिवाय या निर्णयात पुढील कारकीर्द पणाला लागणार हेही उघड होते.

हा प्रश्न इतका कठीण का होता, हे जाणण्यासाठी त्या काळची परिस्थिती ध्यानात घ्यावी लागते. इंग्लंडचा राजा हाच तेथील चर्चचा प्रमुख. कॅथलिकांना संसदेचे दार १८२९ पर्यंत बंद होते. त्या वर्षीच्या कायद्याने ते उघडले, तरी लॉर्ड चॅन्सेलर व आयर्लंडचा व्हाइसरॉय यांसारखी पदे त्यांना वर्ज्यच राहिली. १८४५ मध्ये ऑक्सफर्डचे जॉन हेन्री न्यूमन कॅथलिक झाले, तेव्हापासून एकेक सुशिक्षित अँग्लिकन त्या वाटेने जात होता. परंतु ते बहुधा धर्मोपदेशक वा विद्वान असत, राज्यकर्ते क्वचितच. त्यातच १८७० च्या व्हॅटिकन परिषदेने धर्मसिद्धान्ताच्या बाबतीत पोप प्रमादातीत असल्याचे घोषित केले होते. पोपची आज्ञा आणि राणीची आज्ञा यांत विरोध आला तर कॅथलिक मनुष्य कोणाचे ऐकेल, हा संशय त्यामुळे पुन्हा जागा झाला होता. शिवाय कॅथलिक चर्चला फ्रीमेसन संघटना मुळीच मान्य नव्हती; तिचे सर्वोच्च पद भूषविणाऱ्या रिपन यांना दोहोंपैकी एकाचीच निवड करणे भाग होते.

सप्टेंबर १८७४ च्या आरंभी फ्रीमेसनांच्या सभेत ग्रँड मास्टरांचे राजीनामापत्र वाचले गेले. त्यात कारण दिलेले नव्हते, त्यामुळे सभासद चकित झाले. काही दिवसांतच उलगडा झाला. ७ सप्टेंबर रोजी लंडनच्या ब्राँप्टन ऑरेटरी या चर्चमध्ये रिपन यांनी कॅथलिक पंथाची दीक्षा घेतली. पत्नी हेन्रिएटा मात्र अँग्लिकनच राहिल्या. पंथ निराळे होऊनही त्यांचा संसार १९०७ मध्ये हेन्रिएटा यांचे निधन होईपर्यंत अभंग राहिला.

वृत्तपत्रांत टीकेची झोड उठली. कॅथलिक होणारा राजकारणी इंग्रज जनतेचा विश्वास गमावतो, अशा आशयाचा कठोर अग्रलेख टाइम्सने लिहिला. अधिक जिव्हारी लागणारा प्रहार जुन्या सहकाऱ्याकडून आला. ग्लॅडस्टन यांनी त्याच ऑक्टोबरात एका लेखात, रोमचा अनुयायी होणारा मनुष्य आपले मानसिक व नैतिक स्वातंत्र्य गमावतो आणि आपली राजनिष्ठा दुसऱ्याच्या हाती देतो, असा आरोप केला. पुढल्या महिन्यात त्यांनी व्हॅटिकनच्या ठरावांवर स्वतंत्र पुस्तिकाच काढली. तिला न्यूमन यांनी १८७५ मध्ये दिलेले उत्तर प्रसिद्ध आहे. रिपन यांनी मात्र या वादात जाहीर उडी घेतली नाही. काही वर्षे ते राजकारणाच्या कडेला राहिले.

भारताचे व्हाइसरॉय

१८८० मध्ये ग्लॅडस्टन पुन्हा पंतप्रधान झाले. कॅथलिकांच्या राजनिष्ठेबद्दल सहा वर्षांपूर्वी शंका घेणाऱ्या याच गृहस्थांनी भारताच्या व्हाइसरॉयपदी रिपन यांची नेमणूक केली. हे पद १८२९ च्या कायद्यातील वर्ज्य पदांत नव्हते. तरीही प्रॉटेस्टंट संस्थांनी निषेध नोंदविलाच. भारताचे पहिले कॅथलिक व्हाइसरॉय म्हणून रिपन यांनी जून १८८० मध्ये सिमल्यास सूत्रे हाती घेतली. त्यांच्यासोबत खासगी धर्मगुरू म्हणून फादर हेन्री कर हे जेझुइट आले होते. एकेकाळी ते नौदलात अधिकारी होते.

आरंभ अफगाण युद्धाने झाला. मैवंदच्या लढाईत मुंबई लष्कराच्या पलटणींची मोठी हानी झाली. अब्दुर रहमान यांस अमीर म्हणून मान्यता देऊन रिपन यांनी १८८१ मध्ये कंदाहारमधून फौजा मागे घेतल्या आणि अंतर्गत सुधारणांकडे लक्ष वळविले. १८८१ च्या पहिल्या कारखाना कायद्याने सात वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास बंदी केली व बारा वर्षांखालील मुलांसाठी नऊ तासांची मर्यादा घातली. मुंबईच्या गिरण्यांना तो लागू झाला, तरी प्रौढ कामगारांच्या तासांना त्याने हात लावला नाही. या बाबतीत तो तोकडाच होता. १८८२ मध्ये लिटन यांचा देशी वृत्तपत्र कायदा रद्द झाला. केसरी त्या वेळी अवघा एक वर्षाचा होता.

१८ मे १८८२ चा स्थानिक स्वराज्याचा ठराव ही त्यांची सर्वांत टिकाऊ कामगिरी होय. कारभार अधिक चोख व्हावा यापेक्षा लोकांना राजकीय शिक्षण मिळावे, हा या ठरावाचा मुख्य हेतू होता. मंडळांत बिनसरकारी सदस्यांचे बहुमत असावे आणि शक्य तेथे निवडणूक घ्यावी, असे त्यात सुचविले होते. मुंबई इलाख्यात १८८४ च्या लोकल बोर्ड कायद्याने त्यास रूप मिळाले. कलेक्टरांचा वरचष्मा मात्र बराच काळ कायम राहिला.

त्याच वर्षी नेमलेल्या हंटर शिक्षण आयोगापुढे महात्मा जोतीराव फुले यांनी निवेदन सादर केले. किमान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी त्यांची मागणी होती. इंग्लंडमध्ये प्राथमिक शिक्षणाचा कायदा करणारे रिपन व्हाइसरॉय असूनही ती मान्य झाली नाही.

१८८३ च्या इल्बर्ट विधेयकाने भारतीय न्यायाधीशांना युरोपीय आरोपींचे खटले चालविण्याचा अधिकार देऊ केला. गोऱ्या मळेवाल्यांनी व व्यापाऱ्यांनी व्हाइसरॉयवर उघड बहिष्कार घातला. १८८४ च्या आरंभी तडजोड होऊन युरोपीय आरोपीस निम्मे युरोपीय असलेल्या ज्यूरीचा हक्क मिळाला. रिपन यांनी येथे माघार घेतली, हे मान्य केले पाहिजे. विधेयक कलकत्त्याच्या गोऱ्यांपुढे मांडण्यापूर्वी विरोधाचा अंदाज घेण्यात ते कमी पडले. असे असले तरी डिसेंबर १८८४ मध्ये ते निघाले तेव्हा मुंबईत त्यांना निरोप देण्यासाठी प्रचंड गर्दी लोटली होती. मुंबईतील पारशी नागरिकांच्या रिपन क्लबची स्थापना त्याच वर्षी झाली. फिरोजशहा मेहता व जमशेटजी टाटा हे त्याच्या संस्थापकांपैकी होत.

अखेरची वर्षे

मायदेशी परतल्यावर ते नौदलमंत्री (१८८६), वसाहतमंत्री (१८९२–९५) व १९०५ पासून लॉर्ड प्रिव्ही सील होते. गरिबांना मदत करणाऱ्या सेंट व्हिन्सेंट द पॉल सोसायटीचे ते इंग्लंडमधील अध्यक्ष होते.

सप्टेंबर १९०८ मध्ये लंडनमध्ये कॅथलिकांची युकॅरिस्टिक काँग्रेस भरली. प्रसादरूप पवित्र भाकर रस्त्यातून मिरवीत नेण्याचा बेत होता. त्यास प्रॉटेस्टंटांनी जुन्या कायद्यांच्या आधारे हरकत घेतली. पंतप्रधान ॲस्क्विथ यांनी बेत सोडून देण्याची सूचना आर्चबिशप बोर्न यांना रिपन यांच्यामार्फत खासगीरीत्या पोचविली. मिरवणूक पवित्र भाकरीविना निघाली. आपल्याच धर्मबांधवांना हा निरोप पोचविण्याची वेळ ऐंशी वर्षांच्या रिपन यांच्यावर आली होती. पुढल्याच महिन्यात त्यांनी मंत्रिमंडळ सोडले. जाहीर कारण वय व प्रकृती हेच दिले गेले.

९ जुलै १९०९ रोजी स्टडली रॉयल येथे हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. सेंट मेरीज या आपण बांधलेल्या अँग्लिकन चर्चमध्येच, पत्नीच्या शेजारी, त्यांचे दफन झाले. दोघांच्या संगमरवरी मूर्ती तेथे आहेत. एकुलते एक पुत्र फ्रेडरिक हे दुसरे मार्क्वेस झाले. १९२३ मध्ये ते निपुत्रिक वारल्यावर ही पदवी लोप पावली.