एडगर कॉड : तुमच्या फोनमधल्या टेबलांमागचा माणूस

गेल्या वर्षी मी डेटाबेस शिकणाऱ्या नवख्या मुलांसाठी मराठीत नोट्स लिहायला घेतल्या. विषय होता पोस्टग्रेस, म्हणजे फुकट मिळणारा ओपन सोर्स डेटाबेस. पहिली ११ पानं इन्स्टॉलेशन, पोर्ट नंबर आणि पासवर्ड यातच गेली. बीकॉमला असलेल्या माझ्या मामेभावाने चौथ्या पानावरच फाइल बंद केली. यात डेटा कुठे आहे, एवढंच त्याने विचारलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

ते सापडलं एका माणसाच्या आयुष्यात. त्यांचं नाव एडगर फ्रँक कॉड. लोक त्यांना टेड म्हणत.

पायलट ते प्रोग्रामर

कॉड यांचा जन्म १९ ऑगस्ट १९२३ रोजी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या पोर्टलंडमध्ये झाला. ऑक्सफर्डला गणित आणि रसायनशास्त्र शिकले, दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलात पायलट होते. १९४८ मध्ये न्यूयॉर्क गाठलं आणि पुढे आयबीएममध्ये प्रोग्रामर झाले. १९५३ मध्ये अमेरिकेतल्या मॅकार्थी यांच्या कम्युनिस्टविरोधी मोहिमेला कंटाळून ते कॅनडात निघून गेले. काही वर्षांनी परतले, आणि चाळिशी ओलांडल्यावर, १९६५ मध्ये, मिशिगन विद्यापीठाची पीएचडी मिळवली. आपल्याकडे तिशीतच आता काय नवीन शिकायचं असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा!

रस्ता नको, पत्ता सांगा

यानंतर कॉड कॅलिफोर्नियात, सॅन होजेच्या आयबीएम लॅबमध्ये आले. तेव्हाच्या डेटाबेसमध्ये माहिती झाडासारखी, फांदीला फांदी जोडून ठेवलेली असे. हवी ती नोंद काढायला प्रोग्रामरला कुठल्या फांदीवरून कुठे जायचं हे स्वतः लिहावं लागे. रिक्षावाल्याला प्रत्येक वळण सांगत बसण्यासारखंच. रचना बदलली की जुने प्रोग्राम कोलमडायचे.

१९७० मध्ये कॉड यांनी एक पेपर छापला. त्यातली कल्पना अशी : माहिती साध्या टेबलांमध्ये ठेवा. वापरणाऱ्याने फक्त काय हवंय ते सांगावं, कसं शोधायचं ते कॉम्प्युटर बघेल. आज आपण मॅपमध्ये नुसता पत्ता टाकतो आणि रस्ता ॲप ठरवतं, अगदी तसं. यालाच रिलेशनल मॉडेल म्हणतात.

गंमत म्हणजे हा पेपरही ११ पानांचाच. पण गणिताने भरलेला, त्यामुळे अनेकांच्या डोक्यावरून गेला. शिवाय आयबीएमचा आयएमएस हा जुन्या पद्धतीचा डेटाबेस जोरात विकला जात होता, त्यामुळे कंपनीलाही घाई नव्हती. पुढे आयबीएमने सिस्टीम आर हा प्रोजेक्ट सुरू केला आणि त्यातून आजच्या एसक्यूएलचा जन्म झाला. मात्र ही भाषा कॉड यांची नव्हती. ती डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी बनवली.

दुसरीकडे कॅलिफोर्नियातल्याच बर्कली विद्यापीठात मायकेल स्टोनब्रेकर आणि यूजीन वाँग यांनी कॉड यांचे पेपर वाचून इन्ग्रेस बनवला. त्याच्यानंतरचा म्हणून पोस्टग्रेस, आणि १९९६ पासून पोस्टग्रेएसक्यूएल. म्हणजे मी ज्याच्या नोट्स लिहीत होतो, त्याचे आजोबाच हे!

नवख्यांचा विचार

मला सगळ्यात भिडलं ते वेगळंच. १९७४ च्या सुमाराला कॉड रांदेव्हू नावाच्या सिस्टीमवर काम करत होते. प्रोग्रामिंग न येणाऱ्या माणसाने साध्या इंग्रजीत प्रश्न टाइप करायचा. प्रश्न नीट कळला नाही तर कॉम्प्युटर उलट विचारून खात्री करून घेणार. आज चॅटबॉट जे करतात, त्याची स्वप्नं हा माणूस तेव्हा बघत होता. आणि त्यांची अवघड कल्पना सगळीकडे पोचवण्यात त्यांचे सहकारी ख्रिस डेट यांच्या पाठ्यपुस्तकाचा मोठा वाटा आहे. त्यात सप्लायर आणि पार्ट यांची मोजक्या ओळींची टेबलं होती. बस्स.

कॉड यांना १९८१ मध्ये ट्युरिंग पुरस्कार मिळाला. कंपन्या जुन्याच मालावर रिलेशनलचं लेबल लावायला लागल्या, तेव्हा १९८५ मध्ये त्यांनी प्रसिद्ध १२ नियम मांडले. मोजले तर १३ भरतात, कारण सुरुवात शून्यापासून आहे. १८ एप्रिल २००३ रोजी फ्लोरिडात, ७९ व्या वर्षी त्यांचं निधन झालं.

मग मी काय केलं?

नोट्स पुन्हा लिहिल्या. पहिल्याच पानावर मेसची दोन टेबलं : एकात ६ मेंबर, दुसऱ्यात कोणी कधी किती पैसे भरले. खाली एकच प्रश्न, कोणाचे किती बाकी? इन्स्टॉलेशन गेलं शेवटच्या पानावर. सरावासाठी फोनच्या ब्राउझरमध्ये चालणारा एसक्यूलाइट पुरला.

मामेभावाने दोन्ही टेबलं जोडली आणि लगेच माझी चूक काढली. ज्याने एक रुपयाही भरला नव्हता, तो पोरगा यादीतच नव्हता! साधा जॉइन फक्त दोन्हीकडे जुळणाऱ्या ओळी देतो, त्यामुळे सगळ्यात मोठा थकबाकीदारच गायब. तिथे लेफ्ट जॉइन लागतो. पोर्ट नंबर समजावत बसलो असतो, तर हा प्रश्न त्याला कधीच पडला नसता.

तुमच्या फोनमधले कॉन्टॅक्ट आणि मेसेजही अशाच टेबलांमध्ये असतात. तेव्हा डेटाबेस शिकायचा असेल तर आधी सॉफ्टवेअर शोधू नका. वहीत दोन टेबलं काढा आणि तुम्हाला खरंच उत्तर हवंय असा एक प्रश्न लिहा. कोणाला शिकवणार असाल, तरी सुरुवात तिथूनच करा.