चाके काढून टाकणारा चाकवाला

मोटार वळवायची तर ड्रायव्हर पुढची चाके वळवतो. बुलडोझरला मात्र दोन्ही बाजूंना पोलादी पट्टेच असतात. मग हे धूड वळते कसे? या प्रश्नाचा माग काढत गेले की बेंजामिन हॉल्ट हे नाव समोर येते.

हॉल्ट यांचा जन्म १ जानेवारी १८४९ रोजी अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर राज्यात झाला. घरचा धंदा लाकडाचा. १८८३ मध्ये ते कॅलिफोर्नियातील स्टॉक्टन येथे आले आणि भावांसह त्यांनी चाकांचा कारखाना काढला. पुढे तेथेच शेतीची यंत्रेही बनू लागली.

स्टॉक्टनजवळची नदीमुखाची जमीन सोन्यासारखी पिकणारी, पण कुजलेल्या वनस्पतींमुळे भुसभुशीत. वाफेची अवजड यंत्रे तीत रुतून बसत. भार पसरावा म्हणून हॉल्ट यांनी चाके रुंद करत नेली. एक यंत्र तर ४६ फूट रुंद झाले! असे यंत्र बनवणे महाग आणि चालवणे जिकिरीचे. अखेर या चाकवाल्याने चाकेच काढली. २४ नोव्हेंबर १९०४ रोजी साखळ्यांवर लाकडी फळ्या जोडलेले पट्टे लावून यंत्र रॉबर्ट्स बेटावर चालवले गेले. ते रुतले नाही. सुरवंटासारखी त्याची चाल पाहून एका छायाचित्रकाराने त्याला ‘कॅटरपिलर’ म्हटले, असे सांगतात. १९१० मध्ये ते नाव कंपनीच्या नावे नोंदले गेले.

रुतण्याचा प्रश्न सुटला, पण वळण्याचा उभा राहिला. लांब पट्टे जमीन घट्ट धरतात आणि सरळच जाऊ पाहतात. सुरुवातीला हॉल्ट यांच्या यंत्रांना दिशा देण्यासाठी पुढे एक चाक असे. खरे उत्तर होते ते दोन पट्ट्यांना वेगवेगळी शक्ती देण्यात. बैलगाडी वळवताना आतल्या बैलाला थोपवून बाहेरच्याला हाकतात, तसेच हे. इंजिनाची शक्ती गिअरपेटीतून मागच्या आडव्या आसापर्यंत येते. तेथे डाव्या-उजव्या पट्ट्यासाठी वेगळे क्लच आणि वेगळे ब्रेक असतात. डावा क्लच सोडला की डाव्या पट्ट्याची ओढ थांबते, उजवा चालत राहतो आणि यंत्र डावीकडे वळते. ब्रेकही लावला तर वळण आणखी आखूड होते. मग पुढच्या चाकाची गरज उरली नाही.

ही कल्पना एकट्या हॉल्ट यांची नव्हे. इंग्लंडच्या हॉर्न्स्बी कंपनीने पट्टे थोपवून वळणारे यंत्र आधीच केले होते. त्याचे हक्क हॉल्ट यांच्या कंपनीने विकत घेतले. दुसऱ्याचे चांगले ते ओळखून शेतकऱ्याच्या बांधापर्यंत पोहोचवणे, हेही कर्तृत्वच.

पहिल्या महायुद्धात हीच यंत्रे चिखलातून तोफा ओढू लागली. त्यांच्यावरून ब्रिटिशांना रणगाड्याची दिशा मिळाली. युद्ध संपताच लष्कराच्या मागण्या आटल्या आणि कंपनी अडचणीत आली. ५ डिसेंबर १९२० रोजी हॉल्ट वारले. १९२५ मध्ये त्यांची कंपनी प्रतिस्पर्धी बेस्ट कंपनीत मिसळली आणि ‘कॅटरपिलर’ उभी राहिली. नव्या नावात हॉल्ट नव्हते, सुरवंट होता.

या पद्धतीत एक उणीव होती. वळताना आतल्या पट्ट्याची ओढ तुटे, सारा भार एकट्या बाहेरच्यावर पडे. आजच्या अनेक बुलडोझरमध्ये वळतानाही दोन्ही पट्ट्यांना शक्ती मिळते, फक्त वेग वेगवेगळा असतो. यंत्रणा सुधारली, पण एका बाजूला थोडे थोपवून वळायचे हे सूत्र तेच आहे.